दोन्ही अंकांतली मी

मेथीची जुडी उलटसुलट करून बघत होते, तेवढ्यात मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. आमच्याच गल्लीतल्या पाटणकर वहिनी होत्या. डोळे भरून आलेले. "किती सोसलंस गं कुमुद," एवढंच त्या म्हणाल्या, स्वतःच्या पिशवीतले दोन पेरू माझ्या पिशवीत टाकले आणि नाक पुसत निघून गेल्या. मी काय सोसलं ते विचारायचं राहूनच गेलं. तशीच उभी होते, तर गाडीच्या पलीकडून शिंप्याच्या सुनेनं मान वर काढून विचारलं, "काय गं, बादली भरली का?" आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

भाजीवाली बाई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. तिनं दोन्हींपैकी एकही अंक वाचलेला नव्हता. त्या दिवशी त्या बाजारात मला ओळखणारी ती एकटीच होती असं आता वाटतं.

हे सगळं मिरजेतलं, चाळीसएक वर्षांपूर्वीचं. दिवाळी होऊन महिना उलटला होता. वाचनालयाच्या योजनेत ज्यांनी पैसे भरले होते त्यांच्या घरोघरी दिवाळी अंक फिरत होते. एकानं वाचायचा, परत करायचा, मग दुसऱ्यानं न्यायचा. त्या वर्षी दोन अंकांना फारच मागणी होती, कारण त्या दोन्हींत मी होते. एकात माझ्या भावानं लिहिलेली आणि दुसऱ्यात माझ्या नवऱ्यानं लिहिलेली. नाव कुठेच नव्हतं, पण मिरज काही एवढी मोठी नाही.

माझा भाऊ जनार्दन, म्हणजे आमचा जनूदादा, विमा कचेरीत कारकून होता आणि गंभीर कथा लिहायचा. माझे यजमान श्रीरंग तारळेकर विट्याच्या हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि विनोदी कथा लिहायचे. दोघांची ओळख सांगलीच्या एका साहित्य मेळाव्यात झाली. श्रीरंगांनी वाचलेली कथा दादाला इतकी आवडली की घरी येऊन त्यानं आईला सांगितलं, असा मुलगा शोधून सापडणार नाही. लोक पत्रिका बघतात, पगार बघतात. माझं लग्न एका कथेवर ठरलं. ती कथा मी लग्नानंतर वाचली. बरी होती.

पुढे दोन वर्षांनी, चैत्रातल्या एका सकाळी, मी विट्याहून निघून माहेरी आले ती परत गेलेच नाही. आता मार्गशीर्ष उजाडला होता. सासरहून निरोप आला होता की संक्रांतीच्या आत काय ते सांगा. यायचं असेल तर या, नसेल तर रीतसर फारकत करून टाकू, दोघांनाही टांगून ठेवण्यात अर्थ नाही. निरोपात राग नव्हता. त्यामुळे तर मला जास्तच गोंधळल्यासारखं झालं, कारण रागाला उत्तर देता येतं.

खरी पंचाईत अशी की जायचं की नाही हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं. मी निघून का आले, हेही मला सांगता येत नव्हतं. आई विचारायची, "मारलं का?" नाही. "पितात का?" नाही. "सासू छळते?" नाही. "मग काय गं बाई?" आणि मी गप्प. गप्प बसलं की आईला वाटायचं काहीतरी भयंकर आहे. दादालाही तेच वाटलं असणार, म्हणून त्यानं कथा लिहिली.

निघाले त्या सकाळी झालं होतं ते एवढंच. नळाला पाणी आलं होतं. मी नळाखाली बादली लावून उभी होते. ती भरली, वाहायला लागली, पाणी अंगणातून रस्त्यापर्यंत गेलं, तरी मी उभीच. आतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाणी वाया चाललंय न्हवं. कुठं ध्यान हाय तुजं?" मी नळ बंद केला, तोंड धुतलं, पिशवी भरली आणि स्टँडवर गेले. श्रीरंग तेव्हा दाढी करत होते. त्यांना वाटलं मी दूध आणायला चालले आहे.

ही हकिकत मी दादाला सांगितली होती, अगदी अशीच. त्याच्या कथेचं नाव 'निःशब्द'. त्यात बादलीची घागर झाली होती, तांब्याची. घर अंधारं होतं, भिंतींना ओल आलेली, आणि नळाचं पाणी 'तिच्या न ढाळलेल्या अश्रूंसारखं' वाहत होतं. तिला नाव नव्हतं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नुसतं 'ती'. वाक्यं लांबलचक, एकात एक अडकलेली, वाचताना श्वास लागायचा. सासूबाईंचं वाक्य मात्र त्यानं जसंच्या तसं ठेवलं होतं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. फक्त 'म्हणाली'च्या जागी 'फिस्कारली' घातलं होतं. आणि अख्ख्या कथेत गावरान बोलणारी ती एकटीच होती, बाकी सगळे छापील बोलत होते. विट्याचं आमचं घर तर दिवसभर उन्हात असायचं. पण कथा वाचून झाल्यावर मलाही त्या घराची भीती वाटली.

श्रीरंगांच्या कथेचं नाव 'बायको आणि बादली'. ती 'मी'नं सुरू होत होती. सकाळचं कोवळं ऊन, अर्ध्या गालाला साबण, शेजारच्या रेडिओवर भजन. वाक्यं छोटी छोटी, टुणटुणीत. त्यात बायको फटकळ होती, येता-जाता टोमणे मारायची, वाचणारा पोट धरून हसेल असे. 'बादली भरली का?' असं नवरा विचारतो आणि ती म्हणते, 'तुमच्या डोक्यात सांडू का?' मी जन्मात असं बोलले नव्हते. सासूबाई ह्या कथेत होत्या, पण तोंडातून शब्द नाही. शेवटी बायको निघून जाते आणि नवरा अर्धी दाढी तशीच ठेवून दारात उभा राहतो. त्या उरलेल्या अर्ध्या दाढीवर कथा संपत होती. ती वाचून लोकांना नवऱ्याची इतकी कणव यायची की वाटायचं, ह्या बयेला झालंय तरी काय, एवढ्या चांगल्या माणसाला सोडून गेली ती.

मी दोन्ही कथा पुनःपुन्हा वाचल्या. 'निःशब्द' वाचली की मी बिचारी व्हायचे. 'बायको आणि बादली' वाचली की आगाऊ व्हायचे. दोन्ही खऱ्या वाटायच्या, हा सगळ्यात मोठा घोटाळा. एकदा आईनं पुन्हा कारण विचारलं, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या मनाचा कोंडमारा होत होता." आई पदरानं डोळे टिपायला लागली आणि मला आठवलं की हे वाक्य माझं नाही, दादाच्या कथेतलं आहे, दुसऱ्या पानावरचं. दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या सुनेला मी फाडकन टोमणा मारला आणि घरी येईपर्यंत लक्षात आलं की तो श्रीरंगांच्या कथेतला होता. मग मला बोलायचीच धास्ती बसली. तोंड उघडलं की दोघांपैकी एक जण बाहेर यायचा.

आमचे आप्पाकाका वाचनालयाचे अध्यक्ष होते. वडील गेल्यापासून घरातले सगळे निर्णय तेच घेत. निरोपाचं कळल्यावर ते आले, चहा घेतला आणि म्हणाले की बैठक घ्यायची. आईनं विचारलं, बोलणी कोण करणार, कुमुद तर तोंड उघडत नाही. काका म्हणाले, "बोलायचंय कशाला? दोन्ही बाजू छापून आलेल्या आहेत."

आम्हाला वाटलं चेष्टा करतायत. पण काकांचा छापील अक्षरावर विश्वास होता. माणूस बोलताना काहीही बोलतो, लिहिताना विचार करतो आणि छापायला देताना तर दहादा विचार करतो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा दोन्ही कथा समोर ठेवू, वाचू, आणि त्यांतून काय निघतं ते बघू. जागा वाचनालयाची. सोमवारी ते बंद असतं, आणि तिथे ना माहेर ना सासर.

सोमवारी सकाळी आम्ही वर्तमानपत्रांच्या उतरत्या टेबलांमधून वाट काढत आतल्या लांब टेबलाशी जाऊन बसलो. माझ्या बाजूला आई आणि दादा. समोर श्रीरंग आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. चैत्रानंतर त्यांना पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी आईला नमस्कार केला, मला नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "वाळलीस." श्रीरंगांनी माझ्याकडे बघितलंच नाही. दादाकडेही नाही. पूर्वी दोघं भेटले की तासन्‌तास कथांवर बोलायचे आणि आम्ही बायका चहा करून थकायचो.

काकांनी खाकी कव्हर घातलेले दोन्ही अंक टेबलावर ठेवले. दादानं स्वतःची कथा असलेला अंक पुढे ओढला. काकांनी तो काढून घेऊन श्रीरंगांपुढे सरकवला. आपलं आपण वाचताना माणूस नको तिथे जोर देतो, ते म्हणाले. ज्यानं लिहिली नाही त्यानं वाचायची. मेहुण्याची कथा मेहुणा वाचेल.

आधी दादानं 'बायको आणि बादली' वाचली. दादाचा आवाज जात्याच खोल. त्यात तो एकेका शब्दावर थांबून वाचणारा. टुणटुणीत वाक्यं त्याच्या तोंडी पडली आणि एकदम जड झाली. 'तुमच्या डोक्यात सांडू का?' हे त्यानं असं वाचलं की कोणी हसलंच नाही. उलट वाटलं, ही बाई किती दमलेली आहे. अर्ध्या दाढीचा शेवट आला तेव्हा दादाचा स्वतःचाच आवाज चिरकला. त्यानं चष्मा काढला आणि पुसत बसला. ही कथा त्यानं आधी चारचौघांत हिणवलेली होती.

मग श्रीरंगांनी 'निःशब्द' हातात घेतली. ते वर्गात वाचतात तसं भराभर, मोकळ्या आवाजात वाचायला लागले. ओल आलेल्या भिंती, काळोख, न ढाळलेले अश्रू. त्यांच्या तोंडी ते सगळं कुणीतरी दुरून सांगितल्यासारखं वाटायला लागलं, आणि मधेमधे तर थोडं हसूही येईल असं. मला काही सुधरेना. कागद तेच, अक्षरं तीच, आणि मी आता आणखी दोन वेगळ्या बायका झाले होते. चार झाल्या.

वाचता वाचता ते त्या वाक्याशी आले आणि अडखळले. मग तसंच वाचलं. "'अगं, पाणी वाया चाललंय न्हवं. कुठं ध्यान हाय तुजं?' सासू फिस्कारली."

आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. कथेत आपण आहोत एवढं त्यांना माहीत होतं, काय आहोत ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मान वर केली.

"हे मीच म्हनलो," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय. पर फिस्कारलो न्हाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "फिस्कारलो का गं मी?"

"नाही," मी म्हणाले. "हळू म्हणालात."

दादा खाली मान घालून चष्म्याची काडी उघडझाप करत राहिला. कथेची गरज होती, असं काहीतरी तो पुटपुटला. आत्याबाई त्याला म्हणाल्या, "असू दे बाबा. लिवताना हुतं असं." त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की दादाचे कान लाल झाले.

श्रीरंगांनी उरलेली कथा संपवली. काकांनी घसा खाकरला आणि माझ्यापुढे दोन्ही अंक आणि एक पेन्सील ठेवली. म्हणाले, आता तू वाच, आणि जे खोटं आहे त्यावर रेघ मार. रेघ मारलेलं वजा करू, उरेल ते खरं. वाचनालयाच्या अंकावर रेघोट्या मारू नयेत असा नियम काकांनीच केलेला होता, पण त्या दिवशी त्यांनी तो बाजूला ठेवला.

मी पेन्सील घेतली. दादाच्या कथेत घागरीवर टेकवली आणि उचलली. बादली होती, पण वाहणारं पाणी खरं होतं. अंधारावर टेकवली. घर उजेडाचं होतं, पण मला तेव्हा अंधारलेलंच दिसायचं. श्रीरंगांच्या टोमण्यावर टेकवली. बोलले नव्हते, पण पोटात असलं काहीतरी नक्कीच होतं. अर्धी दाढीही खरीच असणार. पानं उलटत राहिले. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. परीक्षेत येतं ते उत्तरही आठवू नये तसं झालं.

"काय खोटं आहे?" काकांनी विचारलं.

"काहीच नाही."

"दोन्ही खऱ्या?"

"हो."

"असं कसं होईल कुमुद? एकात तू गाय आहेस, एकात कैदाशीण आहेस." काका वैतागले. "मग घर सोडायला झालं काय? कारण कुठे आहे?"

मी पुन्हा पहिल्या पानावर गेले. दादाची कथा होळीपासून सुरू होत होती. श्रीरंगांची पाडव्यापासून. मी एका अंकाचं पहिलं पान डाव्या हातानं आणि दुसऱ्याचं उजव्या हातानं दाबून धरलं, आणि मला तेव्हा ते दिसलं. त्याआधी इतक्यांदा वाचूनही दिसलं नव्हतं.

"दोन्हींत पौष नाही," मी म्हणाले.

आई चटकन माझ्या दंडाला धरून म्हणाली, "कुमुद, नको."

पौषात माझं बाळ गेलं होतं. सातवा महिना होता. रात्री झटके आले, मी शुद्धीवर नव्हते, विट्याच्या दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा सगळं आवरून झालेलं होतं. उशाशी आई होती, पायाशी आत्याबाई. कोणीच काही बोलत नव्हतं. घरी आल्यावरही नाही. बाळंतिणीपुढे विषय काढू नये, तिच्या जिवाला लागतं, हे सगळ्यांनी ठरवलं आणि एकजात सगळ्यांनी पाळलं. पाळणा माळ्यावर गेला. भेटायला येणारे गाजराच्या भावाबद्दल बोलायचे. त्याला सगळे 'आजारपण' म्हणायचे. पुढे मीही आजारपण म्हणायला लागले. आणि दोन लिहिणाऱ्या माणसांनी माझ्यावर दोन कथा लिहिल्या, त्यांतही ते पाळलं. दादाच्या कथेत 'प्रदीर्घ आजारातून उठलेली ती' असं अर्धं वाक्य होतं. श्रीरंगांच्या कथेत बायकोला सर्दी झालेली होती.

मला माझं कारण सापडलं होतं, आणि ते इतकं लहान होतं की बोलायला लाज वाटली. तरी बोलले. कुणाच्याही कथेतलं नव्हतं, त्यामुळे शब्द आपोआप माझेच आले.

"मुलगा होता की मुलगी?"

काकांनी मान खाली घातली. आईनं माझा दंड सोडला. आत्याबाई म्हणाल्या, "मीच समद्यास्नी सांगितलं हुतं, ईशय काढू नगासा म्हनून. पोरीच्या जिवाला लागंल म्हनून."

"मला माहीत आहे आत्याबाई. मी तुम्हाला विचारत नाही." मी श्रीरंगांकडे वळले. "अहो, तुम्हाला विचारतेय. तुम्ही नेलं होतं ना?"

श्रीरंग बोलायला लागले की थांबत नसत. वर्गात, मेळाव्यात, जेवताना, कुठेही. एखादी साधी गोष्ट सांगतानाही ती कुठून सुरू केली म्हणजे रंगेल हे त्यांना आतून कळायचं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. समोरच्या अंकाच्या खाकी कव्हराचा कोपरा दुमडला, सरळ केला.

"मुलगी," ते म्हणाले.

त्यांनी अंक बाजूला सारला.

"केस होते तिला."

"कसे?"

"काळे. पुष्कळ. ओले होते." त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोटं टेकवून दाखवलं, कुठवर ते. "इथपर्यंत."

दादाच्या तोंडून कसलासा आवाज आला. तो उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. मी रडले नाही. मला फार मोठा आनंद झाला, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं तेच आहे. इतके महिने माझ्या पोटातून काहीच जन्माला आलं नव्हतं, नुसतं आजारपण आलं होतं. आता एक मुलगी होती आणि तिला केस होते.

"कशात गुंडाळलं होतं?"

"तुझ्या पिवळ्या साडीत. आई म्हणाली होती जुनेर घे. मी ती घेतली."

ती साडी हरवली म्हणून मी शिमग्यात घरभर शोधली होती. श्रीरंगांनीही माझ्याबरोबर शोधली होती, ट्रंका हलवून, कॉटखाली वाकून.

"कुठे आहे ती?"

"ओढ्याच्या वर. बाभळ आहे तिथे."

"मला दाखवा."

आप्पाकाका आता भानावर आले. बैठकीतून काहीतरी निघायला हवं होतं. ते हळूच म्हणाले की म्हणजे कुमुद नांदायला जातेय असं धरायचं का. आईनंही तेच विचारलं, डोळ्यांनी. मी म्हणाले, ते मला माहीत नाही, मला आधी जागा बघायची आहे. काका कपाळाला हात लावून बसले. दोन छापील कथा, एवढी तयारी, आणि शेवटी निकाल नाहीच.

दुपारच्या एसटीनं आम्ही निघालो, आत्याबाई, श्रीरंग आणि मी. दादा स्टँडवर आला होता. माझ्या खिडकीखाली उभा राहून काहीतरी बोलायच्या बेतात होता, पण गाडी सुटेपर्यंत त्याला ते जमलं नाही. नुसता हात खिडकीच्या गजावर ठेवून चार पावलं गाडीबरोबर चालला. पुढे त्यानं पुष्कळ कथा लिहिल्या. त्यांतल्या सासवा हळू बोलायला लागल्या, एवढं मी नक्की सांगू शकते.

विट्याला उतरल्यावर आत्याबाई म्हणाल्या, तुमी जाऊन या, मी घरात दिवा लावती. त्या घराकडे वळल्या आणि आम्ही दोघं ओढ्याच्या वाटेला लागलो. ऊन उतरायला आलं होतं. वाटेत हायस्कुलातली दोन पोरं भेटली, त्यांनी सरांना नमस्कार केला, आणि मला बघून एकमेकांना ढोसलं. त्यांनीही वाचली असणार, बादली.

बाभळीखाली तीन-चार दगड होते. एका दगडाशी ते थांबले आणि म्हणाले, "इथे." मातीवर वाळलेल्या शेंगा पडल्या होत्या. दुसरं काही नव्हतं. मी खाली बसले, शेंगा बाजूला केल्या आणि जमिनीवर हात ठेवला. दिवसभराच्या उन्हानं ती कोमट झाली होती.

श्रीरंग मागे उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी बोलायला सुरुवात केली. "ह्या मातीच्या कुशीत आपलं..." आणि तिथेच थांबले.

"नाही," ते म्हणाले. "हे मी बनवतोय."

मी मागे बघितलं नाही.

"मला भीती वाटली होती गं," ते म्हणाले. "ती इतकी हलकी होती. ठेवलं आणि पळालो. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. तुला काय सांगणार होतो?"

"हेच," मी म्हणाले.

ते माझ्या शेजारी खाली बसले, धोतर मातीत मळतंय की काय ते न बघता. पलीकडच्या शेतातून कुणी बाई हाका मारत होती, गुरं परत वळवत होती. अंधार पडायला लागला तेव्हा मी हाताची माती झटकली आणि उठले.

"चला," मी म्हणाले. "आत्याबाई जेवायच्या थांबल्या असतील."